शोधाची चाचणी कुठे घ्यावी: माझा अनुभव

दादरमधून मसाले, लोणची आणि पापड ऑनलाइन विकणाऱ्या एका लहान व्यवसायात मी सॉफ्टवेअरचे काम पाहतो. दुकानाच्या वेबसाइटवरील उत्पादनांचा शोध इलॅस्टिकसर्च या शोधासाठीच्या सॉफ्टवेअरवर नव्याने उभारायचे ठरले, तेव्हा त्याची चाचणी कुठे घ्यायची या प्रश्नाला मी फारसे महत्त्व दिले नव्हते. माझ्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) सगळे चालत होते, आणि नमुन्यादाखल मी स्वतः टाइप केलेल्या दोनशे उत्पादनांत हवे ते उत्पादन प्रत्येक वेळी पहिल्या क्रमांकावर येत होते. आपणच लिहिलेल्या प्रश्नपत्रिकेत आपल्याला पैकीच्या पैकी गुण मिळावेत, तसाच हा प्रकार होता.

त्यानंतर आम्ही स्टेजिंगवर, म्हणजे ग्राहकांपुढे जाण्याआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर गेलो. हा सर्व्हर पेमेंटचे काम करणाऱ्या सहकाऱ्यांबरोबर वाटून घेतलेला होता आणि त्यावरील इंडेक्स (शोधासाठी रचून ठेवलेली उत्पादनांची सूची) जुन्या पद्धतीने पाच शार्डांत, म्हणजे तुकड्यांत, विभागलेला होता. इलॅस्टिकसर्चच्या सातव्या आवृत्तीपासून हा आकडा मुळात एकच असतो, पण आमची सेटिंगची फाइल त्याआधीची होती आणि ती कोणी उघडून पाहिली नव्हती. निकालांचा क्रम लावताना एखादा शब्द किती दुर्मीळ आहे यावर त्याचे वजन ठरते आणि ही दुर्मीळता प्रत्येक शार्ड आपापल्यापुरती मोजतो. दोनशे उत्पादने पाच ठिकाणी वाटली गेल्यावर एका शार्डात ‘कैरी’ दोनदाच आली आणि दुसऱ्यात नऊ वेळा, त्यामुळे सारख्याच नावाच्या दोन बरण्यांना वेगवेगळे गुण मिळून निकालांचा क्रम विचित्र झाला. मी दोन दिवस क्वेरी (शोधासाठी लिहिलेली आज्ञा) दुरुस्त करत बसलो, आणि चूक क्वेरीत नव्हतीच. शार्ड एक केल्यावर क्रम सुधारला.

खरा धक्का मात्र नवा शोध लाइव्ह केल्यावर, म्हणजे ग्राहकांसाठी सुरू केल्यावर बसला. ग्राहकांचे फोन घेणाऱ्या ताई माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, “दादा, तुमचा शोध म्हणतो वऱ्हाडी ठेचा नाही, आणि मी सकाळीच तीन बरण्या पार्सल केल्यात.” त्यांच्या फोनवर शोधलेला शब्द आणि उत्पादनाच्या पानावरचा शब्द मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर डोळ्यांना काडीचाही फरक दिसेना. शेवटी दोन्ही शब्दांचे युनिकोड संकेत (संगणकात प्रत्येक अक्षराला किंवा चिन्हाला दिलेले क्रमांक) छापून घेतले, तेव्हा एक सात संकेतांचा निघाला आणि दुसरा आठ. ग्राहकाच्या कीबोर्डने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून ‘ऱ्ह’ लिहिले होते, तर माल पुरवणाऱ्याच्या कीबोर्डने साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घातले होते. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची पद्धत) या दोन रूपांना एक मानत नाही आणि आम्ही वापरलेला साधा विश्लेषक (मजकुराचे शब्द वेगळे करणारा इलॅस्टिकसर्चचा भाग) त्यांना दोन वेगळे शब्दच समजत होता. इंडेक्समध्ये जाण्याआधी जोडचिन्हाचे रूप ‘ऱ’मध्ये बदलणारा कॅरेक्टर फिल्टर जोडला आणि ठेचा सापडला. हा दोष माझ्या लॅपटॉपवर कधीच दिसला नसता, कारण तिथला प्रत्येक शब्द एकाच कीबोर्डवरून आलेला होता.

म्हणून आम्ही तिसरा पर्याय निवडला: क्लाउड सेवेच्या मुंबई रीजनमधील एक स्वतंत्र लहान सर्व्हर आणि त्यावर लाइव्ह उत्पादनसूचीची जशीच्या तशी, पुरवठादारांच्या सगळ्या लेखनचुकांसकट घेतलेली प्रत, जी दर रविवारी रात्री नव्याने भरली जाते. यंत्र लाइव्हपेक्षा बरेच दुबळे आहे, त्यामुळे शोधाला लागणारा वेळ आम्ही तिथे मोजत नाही. आवृत्ती, शार्डांची संख्या आणि विश्लेषकाच्या सेटिंग मात्र लाइव्हसारख्याच ठेवल्या आहेत.

चाचणीचे शब्द ग्राहकांनी खरोखर केलेल्या शोधांच्या नोंदींतून घ्यायचे ठरले, तेव्हा आणखी एक अडचण समोर आली, ती म्हणजे लोक शोधपेटीत काहीही लिहितात. कोणी ऑर्डरचा क्रमांक टाकतो, कोणी चक्क स्वतःचा मोबाइल नंबर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा विचार बाजूला ठेवला, तरी असे नंबर चाचणीच्या सर्व्हरवर पडून राहणे मला पटेना. म्हणून सलग सहा किंवा अधिक अंक असलेली प्रत्येक नोंद प्रत घेण्याआधीच गाळली जाते, आणि ऑर्डर किंवा ग्राहकांचे तक्ते तिथे मुळीच नेले जात नाहीत.

चाचणीच्या शब्दांच्या या यादीने पहिल्याच आठवड्यात आपली किंमत वसूल केली. सूचीत सर्वत्र ‘लोणचे’ असताना ग्राहक मात्र बोलतात तसे ‘लोणचं’ लिहीत होते, आणि त्यांच्यापुढे रिकामे पान उघडत होते. त्यासाठी समानार्थी शब्दांची यादी केली आहे. मराठी शब्द रोमन लिपीत लिहून केलेल्या शोधांचे काम मात्र अजून बाकी आहे, कारण एकट्या ‘लोणचे’ या शब्दाचीच सात रोमन लेखने आतापर्यंत नोंदींत सापडली आहेत.