तुम्ही विचारलंत म्हणून : किट का बंद केले

"चर्चकडे पैसा आहे, मग रेशन किट का बंद केलेत?" लग्नात, मयतीला, कुठंही गाठून विचारतात. तेव्हा मी चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत खजिनदार होतो. निर्णय माझाही होता, नाकारत नाही.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये किट दिले ते बरोबरच होतं, घरात पीठ नाही त्याला स्वावलंबन शिकवत नसतात. पण कामं सुरू झाल्यावरही तेच चालू राहिलं, आणि सवय लागली ती आम्हाला, देण्याची.

त्या वर्षी उपकारस्तुतीच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी, लोक नेहमीसारखं धान्य, कोंबड्या, भोपळे घेऊन आलेले. किट घेणाऱ्या एक विधवा मावशी अर्धी पायली बाजरी घेऊन आल्या, खुडणीच्या मजुरीची. मी म्हणालो, "राहू द्या मावशी, तुम्हालाच लागेल," आणि पिशवी परत त्यांच्या हातात दिली. मायेनंच म्हणालो हो, आजही तसंच वाटतं. त्या काही बोलल्या नाहीत, पिशवीचं तोंड बांधलं, मागच्या बाकावर जाऊन बसल्या, प्रभुभोजनालाही पुढे आल्या नाहीत. नंतर कित्येक रविवार आल्याच नाहीत, किट न्यायला नातू यायचा. आणि बायबलमधल्या, आपल्या गरिबीतून दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकणाऱ्या विधवेचा पाठ संडेस्कूलला मीच शिकवतो!

यात भीतीही असेल. आमच्या पणजोबांचा बाप्तिस्मा 1876-78 च्या दुष्काळानंतरचा, "पोटासाठी बाटले" हे ऐकतच मोठे झालो, त्यामुळे आपलं माणूस घेणाऱ्यांच्या रांगेत बघवत नाही आणि स्वतः वाटणाऱ्यांत उभं राहिलं की बरं वाटतं.

मग कमिटीत मी फादर हर्मन बाखर या स्विस धर्मगुरूंचं उदाहरण दिलं. आपल्याच नगर जिल्ह्यात पाणलोटाची कामं करताना त्यांनी गावाकडून आधी श्रमदान मागितलं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळायला लावली. सगळ्यांना पटलं, किट बंद, त्याऐवजी शेळीसाठी बिनव्याजी पैसे. पण बंधाऱ्याचं पाणी जमीनवाल्याच्या विहिरीला लागतं. मावशींना जमीन नाही, गुडघे गेलेत, शेळी चारायला कोण जाणार? हे तेव्हा सुचलंच नाही, की सुचून गप्प बसलो, देव जाणे.

मिझोराममध्ये 1910 पासून बायका स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात, गरिबाघरच्यासुद्धा. आम्ही आता तसा डबा ठेवलाय, ज्याला जमेल त्यानं टाकावं, ज्याला लागेल त्यानं न्यावं. मागच्या महिन्यात मावशींकडे गेलो, म्हटलं डब्यात तुमची मूठ पाहिजे. त्यांनी चहा केला, आग्रहानं पाजला. बाजरीचं मात्र म्हणाल्या, "यंदा खुडणीला गेलेच नाही."