हूडच्या आतली अक्षरं

जुन्या छोट्या ट्रॅक्टरचं हूड, म्हणजे इंजिनावरचं पत्र्याचं झाकण, काढून उलटं ठेवलं, सँडपेपर हातात घेतला आणि तिथेच थांबलो. आतल्या बाजूला, गंजाच्या कडेने, पेन्सिलीने बारीक अक्षरांत तारखा लिहिलेल्या. ऑइल बदलल्याच्या. एकाखाली एक, किती तास चालला त्यासकट. शेवटच्या दोन ओळींतलं अक्षर थरथरलेलं.

ट्रॅक्टर जॉन डिअर ११०, १९६५चा. इथेच, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, होरिकॉन गावच्या कारखान्यात बनलेला. कोलर कंपनीचं, आठ हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं इंजिन. त्याचं ऑइल दर २५ तासांनी बदलायचं असतं, आणि तारखा लिहिणाऱ्या माणसाने ते एकदाही चुकवलं नव्हतं. साठ वर्षांनंतरही सिलिंडर गुळगुळीत आहे, तो उगाच नाही.

ज्यांच्याकडून घेतला त्या आजींना फोन केला. म्हटलं, रंगाआधी हे घासावं लागेल. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आतल्या बाजूला कोण बघतंय? राहू दे ना."

दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. आमचे आजोबा विहिरीवरच्या इंजिनच्या खोलीत, भिंतीवर कोळशाने अशाच तारखा लिहायचे. वाटणीनंतर ती खोली पाडली. तेव्हा एक फोटो काढून ठेवावा, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

तेवढा भाग आता मास्किंग टेप लावून झाकलाय. बाकी हूड घासून प्रायमर मारतोय.

पण गंज तर थांबवायलाच हवा. पेन्सिलीवरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारला तर अक्षरं टिकतील का? कुणी करून पाहिलंय?