कोऱ्या प्रॉमिसरी नोटांची पिशवी

सावकारीच्या तक्रारीवर धाड टाकायची ती गुपचूप. सहकार खात्याच्या आमच्या सहायक निबंधक कार्यालयातून पथक निघालं, तेव्हा कुठल्या गावी जायचंय हे पंचांनाही सांगितलं नव्हतं.

तक्रारदार कांदा पिकवणारे एक काका. 80,000 रुपये घेतलेले, महिना शेकडा पाचनं. म्हणजे दरमहा 4,000 नुसतं व्याज, वर्षाला 60 टक्के. 2014 च्या सावकारी कायद्याखाली सरकारनं शेतकऱ्यासाठी तारण कर्जाला 9 आणि विनातारण कर्जाला 12 टक्के दर ठरवून दिलाय, तोही परवानाधारक सावकारासाठी. काकांना पैसे देणाऱ्या या गृहस्थांकडे परवानाच नव्हता. मुद्दलाहून जास्त व्याज घ्यायला कायद्यानं बंदी आहे, आणि काकांनी तीन वर्षांत 1,44,000 मोजले होते. मुद्दल जिथल्या तिथं.

‘मॅडम, सावकारी कसली? अडल्यानडल्याला हातउसने देतो,’ गृहस्थ दारातच म्हणाले. हा बचाव नेहमीचा. त्यात थोडं तथ्यही असतं, कारण धंदा म्हणून दिलेले नसतील तर एखाद्याला उसने दिलेले पैसे सावकारीत मोडत नाहीत. एकट्या काकांच्या कागदावर आमचं भागणार नव्हतं.

कपाटात साड्यांच्या घड्यांखाली प्लास्टिकची पिशवी निघाली. आत रबर लावलेल्या प्रॉमिसरी नोटांचा, म्हणजे पैसे फेडायच्या लेखी वचनांचा गठ्ठा. प्रत्येकीवर रेव्हेन्यू स्टॅम्प, त्यावर आडवी सही किंवा निळा अंगठा. रकमेची जागा कोरी, तारखेची कोरी. मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘शे. 5’, ‘शे. 7’. चार-पाच गावांतली माणसं त्या गठ्ठ्यात होती. हातउसने इतक्यांना कोणी देत नाही.

रक्कम कोरी का ठेवतात हे कुणालाही कळतं. मला तारखेचा संताप जास्त येतो. अशा नोटेवर दावा लावायला तिच्या तारखेपासून तीन वर्षं मिळतात. तारीखच घातली नाही तर मुदत संपायचा प्रश्नच नाही. हवी तेव्हा नवी तारीख टाकायची आणि माणसाला कोर्टात खेचायचं.

पंचनामा संध्याकाळपर्यंत चालला. खरं अवघड काम पुढे, जबाबांचं. नोटांवरच्या बहुतेकांनी ‘आमचा काही व्यवहार नाही’ म्हणून हात झटकले. त्यांना त्याच पंचक्रोशीत राहायचंय, मी त्यांना दोष देत नाही. एक मावशी मात्र आल्या. विळ्यानं कापलेल्या अंगठ्याचा व्रण दाखवून त्यांनी ठशातली आडवी पांढरी रेघ आम्हाला ओळखून दिली. अशा मोजक्या जबाबांवर गुन्हा दाखल झाला. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पिशवीत दोन खरेदीखतंही होती. कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन तपासणीच्या किंवा अर्जाच्या आधीच्या 15 वर्षांतली असेल, तर चौकशी करून जिल्हा उपनिबंधक ती परत द्यायचा आदेश काढू शकतात. त्यातलं एक खत 13 वर्षांपूर्वीचं. जमीन लिहून देणारे आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन लावला आणि सातबाराचे जुने उतारे, वारसनोंद घेऊन ऑफिसात यायला सांगितलं.