८० फूट लांब, ३५ फूट रुंद

धानाची रोवणी आटोपली की आमच्या शाळेचा पट पुन्हा भरतो. जुलैभर सातवीचे बाक निम्मे रिकामे असतात. पोरं बांधीत, चिखलात उभी राहून आईच्या हाताशी पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या देत असतात. ही गोष्ट २०२३ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली. भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातलं गाव. वैनगंगा थोडी लांब, पण गावाला लागूनच मालगुजारांच्या काळातला तलाव आहे, ज्याला आमच्याकडे मामा तलाव म्हणतात. वर्गातली निम्मी मुलं मासेमारी करणाऱ्या ढिवरांची. पाण्यातलं काहीही शिकवायचं असलं की मी जरा तयारी करूनच वर्गात जाते, कारण या मुलांना पोहता आधी येतं आणि वाचता नंतर.

त्या दिवशी प्राण्यांचं वर्गीकरण होतं. पाण्यात राहूनही मासा नसलेले प्राणी, हवेत श्वास घेणारे, पिल्लाला दूध पाजणारे. लोकवर्गणीतून घेतलेल्या टीव्हीवर मी दरवर्षीचाच व्हिडिओ लावला. काळापांढरा ऑर्का, ज्याला किलर व्हेल म्हणतात तो, पाण्यातून उसळी मारतो, हवेत वळतो, धाडकन पडतो आणि पुढच्या रांगेतले प्रेक्षक भिजतात. पोरांनी टाळ्या पिटल्या. "अजून एकदा, मॅडम!" मी अजून एकदा लावला.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी टाळ्या वाजवत नव्हती. वर्गात फारसं न बोलणारी. तिने हात वर केला.

"मॅडम जी, ह्याच्या घरचे कुठी आहेत?"

आधी मला प्रश्नच कळला नाही. मग तिने बोटाने दाखवलं. पडद्यावर एकच प्राणी होता, बाकी सगळी माणसं.

याचं उत्तर माझ्याकडे होतं. त्याच आठवड्यात मोबाइलवर बातमी वाचली होती. अमेरिकेत, मियामीच्या सागरी उद्यानातली टोकिटे नावाची ऑर्का १८ ऑगस्टला मरण पावली होती. खेळ पाहणारे तिला लोलिता म्हणायचे. बातमी वाचून वाईट वाटलं होतं, तरी व्हिडिओ लावताना ती आठवली नाही. पोरीने विचारलं तेव्हा आठवली. मी टीव्ही बंद केला आणि सांगायला लागले.

ऑर्का कळपाने राहतात, आणि टोकिटेच्या समुद्रातल्या ऑर्कांचा कळप म्हणजे आईचं घराणं. मुलगा असो की मुलगी, मोठं झालं तरी आईला सोडून जात नाही. पुढे असते म्हातारी आजी. मासा कुठे मिळेल हे तिला ठाऊक असतं. दुष्काळाच्या वर्षी तर सगळे तिच्याच मागे. प्रत्येक घराण्याची बोली वेगळी, ऐकून ओळखता येईल अशी. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्ह नावाच्या खाडीत ८ ऑगस्ट १९७० रोजी अशा कळपांना घेरलं आणि जाळी टाकून पिल्लं वेगळी काढली. त्यातलं एक पिल्लू म्हणजे टोकिटे, वय चारेक वर्षांचं. तिथून मियामी. त्यानंतर मरेपर्यंत एकच हौद.

"केवढा हौद?" मागून एकाने विचारलं.

"८० फूट लांब, ३५ फूट रुंद."

"म्हंजे केवढा?"

फळ्यावर चौकोन काढून भागलं असतं. पण पाऊस उघडला होता, मैदान बऱ्यापैकी वाळलं होतं आणि खेळाच्या खोलीत मैदान आखायच्या फक्कीचं अर्धं पोतं पडून होतं. मी सगळ्यांना बाहेर काढलं. टेप एका टोकाला धरून एक पोरगा कडुनिंबाशी उभा राहिला, दुसरा पळत गेला. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, दोरी ताणली, तिच्याकडेने फक्की ओढली. चौकोन पुरा झाला तेव्हा पोरं एकदम गप्प झाली. मग खो-खोच्या संघातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे तर आपल्या मैदानाहून लहान आहे." बरोबर होतं तिचं. मोठ्यांचं खो-खोचं मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. हा हौद साडेचोवीस मीटरही लांब नाही, आणि रुंदीला जेमतेम पावणेअकरा.

टोकिटेची लांबी साधारण वीस फूट. पाच मुलांना हात पसरून, बोटाला बोट लावून एका रांगेत उभं केलं. अंदाजे तेवढंच झालं. आता ही रांग न तुटता चौकोनात फिरवायची. पहिल्या फेरीत सगळे हसत होते. सरळ गेलं तर रांगेच्या चार लांब्या, की आली भिंत. वळायचं म्हटलं की शेपटीची मुलगी फक्कीच्या बाहेर जायची आणि बाकीचे ओरडायचे, "आपटली! आपटली!" चौथ्या-पाचव्या फेरीला हसू कमी झालं. शेपटीची मुलगी म्हणाली, "चक्कर येते जी."

खोली किती, हेही कोणीतरी विचारलं. जिथे सगळ्यात खोल, तिथे वीस फूट. म्हणजे ती उभी राहिली असती तर शेपूट तळाला आणि नाक पाण्याच्या पातळीला. समुद्रात हेच प्राणी एका दिवसात शंभर किलोमीटरच्या वर जाऊ शकतात. आमच्या हिशेबाने भंडाऱ्याहून नागपूरला जाऊन परत.

"किती वर्षं होती त्यात?"

१९७० ते २०२३. वजाबाकी त्यांनीच केली. त्रेपन्न.

"माह्या बाबाचंही एवढं वय नाही," व्हिडिओ पुन्हा लावायला सांगणारा मुलगा म्हणाला.

पहिली दहा वर्षं सोबतीला ह्यूगो नावाचा नर होता. तो हौदाच्या भिंतीवर डोकं आपटायचा. १९८० मध्ये मेला. त्यानंतर डॉल्फिन होते सोबत, पण तिच्या जातीचं, तिची बोली बोलणारं कोणी नाही. तरी तिला पाहिलेल्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवलंय की ती शेवटपर्यंत आपल्या घराण्याचेच आवाज काढायची. इथवर सांगून मी थांबले, कारण प्रश्न विचारणारी ती मुलगी फक्कीच्या चौकोनात मधोमध जाऊन बसली होती.

तेवढ्यात कुंपणापाशी तिचे आजोबा दिसले. तलावावरून परत येत होते, खांद्यावर ओलं जाळं.

"कोनता खेळ शिकवून राह्यल्या, मॅडम?"

मी थोडक्यात सांगितलं. ते आत आले, चप्पल काढून चौकोनाच्या कडेने चालत एक फेरी मारली, काही बोलले नाहीत. मग नातीकडे पाहून म्हणाले, "मरळीसारखंच मग."

पोरांना कळलं, मला नाही. आजोबांनी समजावून सांगितलं. मरळ माशाची पिल्लं पाण्यावर लालसर थव्याने फिरतात. नर-मादी दोघंही खाली पहारा देतात. माणूस आला तरी पळत नाहीत, उलट अंगावर येतात. "तवाच तिले धरनं सगळ्यात सोपं, मॅडम. पिल्लं सोडून ते जातच नाही. म्हनून तवा धरलं का पाप लागते."

पेन कोव्हची उरलेली गोष्ट मी वर्गात सांगितली नव्हती. पोरं शाळेच्या नळाशी पाणी प्यायला गेली तेव्हा म्हाताऱ्याला सांगितली. पिल्लांना जाळ्यात वेगळं केलं, तेव्हा मोठे ऑर्का जाळ्याबाहेर मोकळेच होते. निघून जाऊ शकले असते. गेले नाहीत. तिथेच घुटमळत राहिले, ओरडत राहिले. चार पिल्लं आणि एक मोठी मादी जाळ्यात अडकून बुडाली. पकडणाऱ्यांनी त्यांची पोटं चिरून आत दगड भरले आणि नांगर बांधून समुद्राच्या तळाशी सोडली, कोणाला कळू नये म्हणून. काही महिन्यांनी त्यातली काही वर आली, तेव्हा लोकांना कळलं. म्हातारा बराच वेळ जाळ्याची गाठ चाचपत राहिला. हयातभर जाळं टाकलेला माणूस. जाळं काय करू शकतं हे त्याला माझ्याहून जास्त माहीत.

पोरं परत आली ती एकच मागणी घेऊन: "मग सोडून काहून नाही दिलं?" या वयाच्या मुलांना हे सांगणं सगळ्यात अवघड. २०२३ च्या मार्चमध्ये तिला तिच्या समुद्रात परत न्यायची योजना जाहीर झाली होती. पाच महिन्यांत ती गेली. आणि सोडणंही सोपं नसतं. कैको नावाचा ऑर्का आइसलँडजवळ लहानपणी, १९७९ मध्ये पकडलेला. लोकांनी पैसे जमवून १९९८ मध्ये त्याला आइसलँडच्या पाण्यात परत नेलं, शिकार करायला शिकवलं. २००२ मध्ये तो निघाला, पार नॉर्वेला पोचला. तिथे तो कळपाकडे नाही, माणसांकडे गेला. पोरं त्याच्या पाठीवर बसायची. २००३ च्या डिसेंबरात न्यूमोनियाने मेला. माझ्या मते त्याला सोडलं हे बरोबरच केलं. पाच वर्षं का होईना, खारा वारा आणि पाण्याचा ओघ त्याला मिळाला. पण त्याचं घराणं मात्र त्याला परत मिळालं नाही.

"समुद्रातले तरी सुखात आहेत ना?" खो-खोवालीने विचारलं. तेही धड नाही. टोकिटेच्या त्या समुद्रात आता पंचाहत्तरच्या आसपासच ऑर्का उरलेत. ते चिनूक नावाच्या सामन माशावर जगतात, आणि नद्यांवर धरणं झाल्यापासून सामन कमी झालाय. जहाजांच्या आवाजात त्यांना मासा सापडत नाही. हे प्राणी आवाज काढून, त्याच्या पडसादावर शिकार करतात. २०१८ मध्ये तिथल्या एका मादीचं पिल्लू जन्मल्यावर अर्ध्या तासात मेलं. ते तिने डोक्यावर तोलून सतरा दिवस वाहिलं.

"धरन झालं का नदीचा मासा वर येत नाही," आजोबा म्हणाले. गोसीखुर्द धरण आमच्याच तालुक्यात आहे. त्यावर कोणी काही बोललं नाही.

आपल्या देशात असे खेळ आहेत का, हे विचारायचं कोणी सोडलं नव्हतं. नाहीत. २०१३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने डॉल्फिनचे खेळ करायला परवानगी देऊ नका, असं सगळ्या राज्यांना कळवलं. हे सांगताना मला खरोखर बरं वाटलं, आणि पोरांनी त्या दिवशीच्या दुसऱ्या टाळ्या वाजवल्या.

घंटा झाली. ती मुलगी उठली नव्हती. जवळ गेले तर हळू आवाजात विचारलं, "तिची माय?"

ते मी रात्री घरी जाऊन वाचलं. शास्त्रज्ञांच्या मते एल-२५ नावाची म्हातारी ही तिची आई असावी, त्या कळपांतली सगळ्यात वयस्क. लेक मियामीत मेली, तेव्हा ती त्याच समुद्रात पोहत होती. दुसऱ्या दिवशी मुलीला सांगितलं. रात्रीच्या पावसाने फक्की वाहून गेली होती, चार दगड तेवढे जागेवर होते.

सप्टेंबर संपता संपता पाख, म्हणजे पितृपक्ष, लागला. एसटीच्या थांब्यावर आजोबा भेटले. टोकिटेच्या राखेचं काय केलं, हे त्यांनी मागेच विचारून ठेवलं होतं. आता सांगण्यासारखं होतं. तिच्या किनाऱ्यावरचे लमी नावाचे आदिवासी ऑर्कांना आपले नातेवाईक मानतात. त्यांनी ती राख मागून नेली आणि तिच्याच समुद्रात सोडली.

"बरं केलं," ते म्हणाले. आमच्याकडे राख वैनगंगेत सोडतात. थोडा वेळ ते रस्त्याकडे पाहत राहिले.

"मायले समजलं असन का, मॅडम?"

एसटी आली. त्यांनी माझी पिशवी वर दिली आणि जाळं उचलून तलावाकडे निघाले.