वेब्ली मार्क 6 शिसवीत: बिजागरी जमली, चांदणीचं काम बाकी

वेब्ली मार्क 6 या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरचं मूळ मापाचं शोभेचं मॉडेल, शिसवी आणि पितळेत. या कामाची ही चौथी नोंद. सांगाडा, नळी, मूठ, सिलिंडर आणि बिजागरी झाली. चांदणी (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारा तारा), कडीची स्प्रिंग आणि पॉलिश राहिलं आहे. नळी भरीव आहे, सिलिंडरची भोकं आंधळी म्हणजे आरपार न गेलेली आहेत, घोडा केवळ शोभेचा. काळा रंग मुद्दाम दिलेला नाही आणि देऊही नये. लाकडाचा पोत लांबून दिसला पाहिजे, म्हणजे बघणाऱ्याचा गैरसमज होत नाही. शिवाय शिसवीवर काळा रंग फासणं म्हणजे लाकडाचा अपमानच.

हेच रिव्हॉल्व्हर का, हे ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी आधी थोडं. मोठ्या फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरची ढोबळ दोन घराणी. एकात सिलिंडर डावीकडे बाहेर झुलतो. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीची मोठी फ्रेम या घराण्यातली. दुसऱ्यात अंगठ्यानं कडी दाबायची की नळी आणि सिलिंडर मिळून पुढं खाली झुकतात, आणि त्याच हालचालीत मधली चांदणी वर येऊन सहाच्या सहा रिकामी काडतुसं बाहेर फेकते. वेब्ली या घराण्याचा मुकुटमणी. मार्क 6 मे 1915 मध्ये ब्रिटिश सैन्यात आलं. कॅलिबर .455, नळी 6 इंच, एकूण लांबी 286 मिमी, वजन सुमारे 1.1 किलो. आधीच्या मार्कांची (आवृत्त्यांची) मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली होती, याची चौकोनी झाली. बेळगावकरांना त्याची ओढ वाटायला आणखी एक कारण आहे. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात आजच्या इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. त्या काळी ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला .455 वेब्ली हे नेहमीचं दृश्य. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आज आपल्याच गावात आहे.

सिलिंडर

सगळ्यात जास्त लाकूड इथं वाया गेलं, म्हणून सविस्तर. जुन्या शिसवी पलंगाचे पाय मिळाले तर तेच घ्या. मुरलेलं लाकूड नंतर वाकडं जात नाही. 50 मिमी चौरस ठोकळा, रेषा लांबीच्या दिशेनं. टोकावर केंद्र काढून 14.5 मिमी त्रिज्येचं वर्तुळ मारा आणि कंपासचं तेच माप न बदलता परिघावर सहा वेळा फिरवा. षटकोनाची बाजू त्रिज्येइतकीच असते, त्यामुळे सहा केंद्रं आपोआप बसतात. .455 काडतुसाच्या बुडाच्या कडेचा व्यास 13.5 मिमी असतो. म्हणजे शेजारच्या दोन कडांमध्ये फक्त 1 मिमी जागा उरते. हा आकडा डोळ्यांसमोर आला की सिलिंडर इतका जाड का, ते कळतं. सहा गोळ्या बसवायच्या तर तो आणखी बारीक होऊच शकत नाही.

आता चूक कुठं होते ती बघा. बाहेरून 44 मिमी व्यासाला खरादून मग 12 मिमीची भोकं पाडली की बाहेरची भिंत 1.5 मिमी राहते आणि ड्रिल आत शिरताच ती रेषेवर उभी चिरते. तीन सिलिंडर असेच गेले. क्रम उलटा करा. अखंड ठोकळ्यात आधी 3 मिमीचं मार्गदर्शक भोक, मग मध्ये टोक असलेलं 12 मिमीचं लाकडाचं ड्रिल, खोली 24 मिमी. भोकांच्या आतून पातळ फेव्हिक्विक फिरवून रात्रभर वाळू द्या. नंतर 12 मिमीचे गोल दांडे कागद गुंडाळून, गोंद न लावता आत बसवा आणि मगच खरादावर घ्या. भिंतीला आतून आधार मिळतो. शेवटचा 1 मिमी पटाशीनं काढायचा नाही, 120 च्या पॉलिश पेपरनं उतरवायचा. बाहेरच्या सहा खाचा दोन भोकांच्या मधोमध येतात, भोकावर नाही. त्या गोल कानशीनं झाल्या.

बिजागरी

लाकडाची जीभ लाकडाच्या खोबणीत घासत ठेवली की आपल्याकडं ती वर्षभर सारखी चालत नाही. मार्चमध्ये 14.0 मिमी भरलेली जीभ जुलैत व्हर्नियरवर 14.2 भरली आणि रिव्हॉल्व्हर अर्ध्यात अडकलं. मोह होतो तासायचा. पावसाळ्यात अजिबात तासू नये, दिवाळीनंतर तीच जीभ खुळखुळते. उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना 0.4 मिमी मोकळं सोडून तिथं फायबरचे वॉशर घालायचे आणि जिभेच्या भोकात बाहेरून 8, आतून 6 मिमीचा पितळी बुश (छोटं नळकांडं) अ‍ॅरल्डाइटनं बसवायचा. भार बुशवर येतो, लाकूड कुठंच टेकत नाही. बुशचं तोंड उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक भागात, लेथवर साफ करून घेतलं तर पाच मिनिटांचं काम आहे, हातकानशीनं ते काटकोनात येत नाही. जास्त पावसाच्या खानापूरकडच्या मंडळींनी 0.5 मिमी सोडावं. अथणी-चिकोडीच्या कोरड्या हवेत 0.3 पुरतं.

दुसरी अडचण वजनाची. शिसवीचा एक घन सेंटीमीटर साधारण 0.8 ग्रॅम, पोलादाचा 7.8. मूळ वेब्लीची कडी दाबली की नळी स्वतःच्या भारानं खाली झुकायला मदत करते. लाकडी नळी तशीच तरंगत राहते. नळीखालच्या ठोकळ्यात पोकळी कोरून मासेमारीची शिशाची 60 ग्रॅम वजनं भरली, तेव्हा कुठं ती हालचाल आली. ती आल्याबरोबर मॉडेलचं रूपच पालटलं. हे रिव्हॉल्व्हर आवडणाऱ्यांना जे आवडतं ते नेमकं इथं आहे. अंगठा, कडी, झुकणं, चांदणी, सगळं एका ओघात.

चांदणी

2 मिमी पितळी पत्र्यातून सोनाराच्या करवतीनं कापली, दांडा 5 मिमी. गोल दांड्यावर ती थोडी फिरते, हात भोकांवर येतात आणि खाली बसत नाही. 1.5 मिमीची एक पिन सिलिंडरमध्ये उभी रोवून चांदणीला तिच्यासाठी भोक दिलं की फिरणं थांबतं. उचल 16 मिमी ठेवली आहे. बॉलपेनची स्प्रिंग इथं चालत नाही, ती चांदणीला परत ओढत नाही. 0.7 मिमी तारेची हवी. सध्या अडलं आहे ते बिजागरीतल्या, चांदणी वर ढकलणाऱ्या उचल्यापाशी. तो उशिरा सुटतो, चांदणी वरच राहते आणि बंद करताना सांगाड्यावर आपटते. त्याचं टोक 0.5 मिमी घासून बघायचं आहे.

लाकडी काडतुसं घालून सावकाश उघडलं की एखादं चांदणीच्या हाताखाली सरकतं आणि सगळं अडतं. हा मॉडेलचा दोष नाही, मूळ रिव्हॉल्व्हरचाही तोच स्वभाव आहे. उघडायचं ते झटक्यात.

स्मिथ अँड वेसनच्या चाहत्यांनी वेब्लीपेक्षा त्या कंपनीचं ट्रिपल लॉक रिव्हॉल्व्हर सरस, अशी बाजू घेतली होती, ती योग्यच आहे. 1908 च्या सुमारास आलेलं ते, .44 स्पेशल काडतुसाचं, सिलिंडर तीन ठिकाणी पकडणारं. तिसरी कडी सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतो त्या पाळण्यापाशी, इतकी नेटकी की घडण म्हणून त्याला तोड नाही. पण ब्रिटिशांना .455 मध्ये ते दिलं गेलं तेव्हा त्याच नेटक्या कडीत आणि काडतुसं ढकलणाऱ्या दांड्याखालच्या आवरणात चिखल भरण्याची तक्रार आली, आणि 1915 मध्ये पुढच्या आवृत्तीतून तिसरी कडी आणि आवरण दोन्ही काढली गेली. उलट बाजूही सांगायला हवी. वेब्लीसारख्या मधे मोडून उघडणाऱ्या फ्रेमचा सगळा ताण कडीवर आणि बिजागरीवर येतो, म्हणून 1935 चं .357 मॅग्नम आणि 1955 चं .44 मॅग्नम ही जोरदार काडतुसं अखंड फ्रेमवरच उभी राहिली. वेब्लीत त्या कडीची काळजी मात्र घेतलेली आहे. ती पूर्ण बसली नसेल तर घोडा तिच्यावरच आपटतो, काडतुसापर्यंत पोचत नाही.

आमच्या मॉडेलची कडी 3 मिमी पितळी पट्टीची आहे. तिच्यासाठी उजव्या बाजूला दिसणारी इंग्रजी व्ही आकाराची स्प्रिंग घड्याळाच्या जुन्या पोलादी पट्टीतून करायची आहे. पट्टी थंड वाकवली तर कोपऱ्यावर तुटते. वाकवायची तेवढीच जागा लाल करून हवेत गार होऊ द्यायची, मग 2 मिमी दांड्याभोवती वळवायची. आकार झाल्यावर पुन्हा लाल करून तेलात बुडवायची आणि घासून चकचकीत करून निळा रंग येईपर्यंत हळूहळू तापवायची. पॉलिश त्यानंतर: चपडा लाखेचे चार हात आणि वर मधमेण. पण पाऊस संपेपर्यंत नाही, दमट हवेत लाखेवर पांढरी साय धरते.