टोकियोत उतरलेला भूप

बाबांच्या बेचाळीस एलपी पुण्याहून टोकियोला आणायला मला दोन फेऱ्या लागल्या. एकही सामानात टाकली नाही, सगळ्या हातातल्या बॅगेतून आणल्या. इथे निशी-कासाईत, म्हणजे भारतीयांची मोठी वस्ती आहे त्या भागात, मी राहते. ओसाकाहून इकडे आलेल्या एका कुटुंबाकडून जुना, पट्ट्यावर फिरणारा प्लेअर घेतला आणि ठरवलं: दर रविवारी एकच रेकॉर्ड, दोन्ही बाजू, मध्ये फोनला हात लावायचा नाही.

पहिले दोन रविवार सतार ऐकली. छान, जरा संथ वाटली. तिसऱ्या रविवारी किशोरीताई आमोणकरांचा भूप राग लावला. हा भूप ऐकतच मी लहानाची मोठी झाले. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, सुरू झालं आणि पोटात गोळा आला. आवाज जाडसर, थकलेला. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ओढत नेल्यासारखी. तानपुरा घुमत नव्हता, घरघरत होता. रेकॉर्ड प्रवासात खराब झाली, माझ्या हातून झाली, असंच वाटलं.

बाबांना फोन लावून स्पीकरशी धरला. ते काही बोलले नाहीत. पलीकडून पेटीचा भाता ऐकू आला, मग एक सूर, मग त्याच्या खालचा, मग अजून खालचा.

"अगं, पेटीच्या तीन पट्ट्या उतरलाय हा सा. रेकॉर्ड ठीक आहे. तुझं यंत्र हळू फिरतंय."

ओचानोमिझुजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानातल्या आजोबांनी प्लेअर उलटा केला आणि पहिला प्रश्न विचारला, हा ओसाकाचा आहे का? मग समजलं. जपानमध्ये वीज एकाच देशात दोन तऱ्हेची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन. म्हणून पूर्वेला 50 हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदाला 50 आवर्तनं, पश्चिमेला 60, आणि ते आजही तसंच आहे. या जुन्या प्लेअरची मोटर विजेच्या हर्ट्झवरच फिरते. मोटरवरची, पट्टा फिरवणारी पुली ओसाकाची असेल आणि प्लेअर टोकियोत लावला की मिनिटाला 33⅓ ऐवजी जेमतेम 27.8 फेरे. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटांची होते, आणि सूर साधारण तीन पट्ट्या खाली येतो. बाबांनी पेटीवर जे सांगितलं, तेच गणितात निघालं. मला भरून आलं.

50 ची पुली थोडी जाड असते. आजोबांनी ती बसवली, तबकडीच्या कडेवरचे ठिपके निऑनच्या दिव्यात दाखवले. ते स्थिर दिसले म्हणजे वेग बरोबर. सतारीच्या त्या दोन रेकॉर्ड्स मी पुन्हा पहिल्यापासून ऐकल्या. किती चपळ होता तो 'झाला', सतारीचा शेवटचा जलद भाग! दोन रविवार मी त्याला धीरगंभीर म्हणत होते.

मग भूप. रात्रीचे आठ वाजले होते, रागाची वेळ. पुण्यात साडेचार, बाबांचा चहा चालू. फोन पुन्हा स्पीकरशी. पेटी वाजलीच नाही. पूर्ण बाजू संपली, सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली, तेव्हा ते म्हणाले,

"दुसऱ्या बाजूला बागेश्री आहे. आत्ता नको लावूस, निजायच्या आधी लाव. आणि मला फोन कर."