अण्णांचा उजवा हात आणि दोन मिलीअँपिअर

दिवाळीनंतर अण्णांना स्ट्रोक आला, उजवा हात पार लुळा पडला, आणि तेव्हापासून आमचं पंचवटी ते गंगापूर रोड रिक्षाने फिजिओथेरपीला जाणं सुरूय. तिथल्या मॅडम परवा बोलता बोलता म्हणाल्या की काही ठिकाणी मेंदूला बारीक करंट देऊन सोबत रोबोटवर हाताचा व्यायाम करून घेतात, मग काय, घरी येऊन रात्री दोनपर्यंत वाचत बसलो.

करंट म्हणजे शॉक नाही हां, आईला तेच वाटलं होतं! मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज डोक्यावर बांधतात, साधारण १ ते २ मिलीअँपिअर, २० मिनिटं, थोडी खाज येते म्हणे. हात हलवणारा मेंदूचा भाग जरा जागा करायचा आणि रोबोटवर तीच हालचाल शेकडो वेळा करायची, जोर पेशंटने लावायचा, कमी पडला तर मशीन ढकलतं. कल्पना झकास, पण २०११ मध्ये ९६ पेशंटवर दोन्ही एकत्र करून बघितलं तर करंटचा वेगळा फायदा दिसला नाही, आणि २०१९ च्या ब्रिटनमधल्या ७७० जणांच्या ट्रायलमध्ये तर नुसता रोबोटही नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही. महागडं पॅकेज गळ्यात मारणारा कुणी भेटला तर आधी हेच विचारणार.

सध्या आमचा रोबोट म्हणजे आई. ताटात द्राक्षं ठेवते आणि "अहो, एकेक उचलून वाटीत टाका" म्हणते. काल अकरा गेली, बारावं बोटातच चेंगरलं, अण्णा म्हणाले, "आता हे कोण खाणार?"